घड्याळाच्या जागी तुतारी बसते

निवडणूक लागल्याची बातमी जुन्नर-आंबेगावात पेपर वाचून कळत नाही. ती कर्ण्यातून येते. पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर, नारायणगाव, आळेफाटा असे टेम्पो फिरायला लागतात. टपावर चार भोंगे, मागे जनरेटर, बाजूला साहेबांचा हात जोडलेला फोटो आणि पुढे ड्रायव्हर. एकच गाणं दिवसभर ऐकून मतदानाच्या कितीतरी आधी ज्याचं मत पक्कं झालेलं असतं, असा साऱ्या मतदारसंघात हा एकटाच माणूस. त्याला कुणालाच मत द्यायचं नसतं.

दोन गाड्या चौकात समोरासमोर आल्या की खरी गंमत. दोन्हीकडे चाल एकच, सिनेमातली, त्या वर्षी प्रत्येक हळदीला वाजलेली. नावं तेवढी वेगळी. वडापावच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला वाटतं, एकच उमेदवार दोन नावांनी उभा आहे. (आंबेगावात २०२४ साली याच्या बरोबर उलटं झालं. तिकडे आपण येणारच आहोत.)

आमच्याकडे ऊस भरपूर, म्हणून बिबटेही भरपूर. रात्री शेतावर जाताना एकट्यानं जाऊ नका, हातात काठी आणि बॅटरी ठेवा, मोबाईलवर गाणी लावा, असं वन खातं सांगतं. म्हणजे गाण्याचा आमच्या भागातला सरकारमान्य उपयोग जनावर लांब ठेवणं हा आहे. प्रचारगीतं वाजवणाऱ्यांना हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. ते गाणं लावतात आणि माणसं जवळ येतील म्हणून वाट बघतात.

ऐकणाऱ्यांचं काय व्हायचं ते होवो. ज्याचं गाणं आहे, त्याचं काय? त्याला कुणी विचारलं का?

अमेरिकेत या प्रश्नावर वकिलांच्या दोन पिढ्या पोसल्या गेल्या आहेत. तिकडे पुढाऱ्यानं सभेत गाणं लावलं की दुसऱ्या दिवशी गायकाचं पत्र येतं. ऑगस्ट २०२४ मध्ये मोंटाना राज्यातल्या बोझमन गावी डोनाल्ड ट्रम्प यांच्या सभेत सेलीन डिऑन यांचं टायटॅनिक सिनेमातलं गाणं लावलं. बाईंच्या बाजूनं निवेदन आलं की परवानगी दिलेली नाही. शेवटी एक टोमणाही होता. त्याचा भावार्थ असा, की लावायचं तर लावलंत, पण एवढी गाणी सोडून हेच? बुडणाऱ्या जहाजाचं गाणं प्रचाराच्या सभेत लावायला खरंच धाडस लागतं. आपल्याकडे वरातीत विरहाची गाणी लावून नाचतात, त्यामुळे आपल्याला त्यात वावगं वाटलं नसतं.

तिकडचे सगळेच कलावंत शेवटपर्यंत ठाम राहतात असंही समजू नका. व्हिलेज पीपल नावाच्या मंडळींच्या प्रमुख गायकानं २०२० साली ट्रम्प यांना आमची गाणी वाजवू नका असं सांगितलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये ही मंडळी शपथविधीच्या आदल्या दिवशी त्यांच्याच विजयसभेत जातीनं गायली. हे वाचून आमच्या भागातल्या कुठल्याही कार्यकर्त्याच्या तोंडून एकच वाक्य येईल : मग आमच्या सायबांनीच काय घोडं मारलंय?

आपल्या देशातही एकदा मामला कोर्टात गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये बंगळूरच्या एमआरटी म्युझिक या कंपनीनं तक्रार केली, की भारत जोडो यात्रेच्या चित्रफितीत केजीएफ सिनेमाच्या दुसऱ्या भागातलं आमचं संगीत न विचारता वापरलं. ७ नोव्हेंबरला तिथल्या कोर्टानं काँग्रेसची आणि यात्रेची ट्विटर खाती बंद करायचा आदेश काढला. नेमक्या त्याच दिवशी यात्रा देगलूरला महाराष्ट्रात शिरत होती. दुसऱ्या दिवशी उच्च न्यायालयानं तो आदेश उठवला, पण त्या फिती काढून टाकायच्या अटीवर. गंमत म्हणजे २००९ च्या निवडणुकीत याच पक्षानं ‘जय हो’चे हक्क रीतसर विकत घेतले होते. तेव्हा भाजपनं ‘भय हो’ नावाचं विडंबन काढलं. मूळ गाण्याचे पैसे एकानं मोजले आणि चालीचा उपयोग दोघांनी केला. यालाच सर्वपक्षीय सहकार्य म्हणतात.

इतकं सगळं जगात घडत असताना आमच्याकडे मात्र शांतता आहे. चाल कुणाची, शब्द कुणाचे, आवाज कुणाचा, ही चौकशी करणं म्हणजे यात्रेतल्या महाप्रसादाच्या डाळीचं बिल मागणं. शिवाय आमच्या तालुक्याला एक मोठी परंपरा आहे. ज्ञानेश्वर माउलींनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी आमच्या आळ्यात आहे. आता वेद म्हणायला लावण्यापूर्वी रेड्याची लेखी संमती घेतल्याची नोंद कुठल्याच पोथीत नाही. तेव्हा मस्तकावर हात ठेवायला माउली लागली. हल्ली पेन ड्राइव्ह पुरतो, आणि वेदांऐवजी विकासकामांची यादी येते.

प्रचारगीत तयार कसं होतं, हे एकदा बघण्यासारखं आहे. कुठल्याही बाजारपेठेच्या गावात दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक स्टुडिओ असतो. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, एक संगणक, एक माईक आणि एक पोरगा. हा पोरगाच गीतकार, संगीतकार, गायक आणि कोरस. कार्यकर्ते दुपारी येतात आणि संध्याकाळी गाणं मागतात.

“चाल कुठली घ्यायची, दादा?”

“ती रे, ती, परवा सरपंचाच्या पोराच्या लग्नात वाजली ती.”

“ती कालच समोरच्या पार्टीनं नेली.”

“मग त्यांच्यापेक्षा जरा जोरात कर.”

पोरगा नावाच्या मात्रा मोजतो. उमेदवाराचं नाव चालीत बसलं तर ठीक, नाहीतर त्याचा ‘दादा’, ‘आण्णा’ किंवा ‘भाऊ’ करून बसवतो. महाराष्ट्रातले निम्मे दादा आणि भाऊ हे प्रेमापोटी झालेले नसून मात्रा कमी पडल्यामुळे झालेले आहेत, असा माझा जुना संशय आहे.

खरी कसरत उमेदवारानं पक्ष बदलला की सुरू होते. शिरूर लोकसभा मतदारसंघाचंच बघा, ज्यात जुन्नर आणि आंबेगाव दोन्ही येतात. २०१९ साली शिवाजीराव आढळराव पाटील धनुष्यबाणावर होते आणि डॉ. अमोल कोल्हे घड्याळावर. २०२४ साली पुन्हा हेच दोघे समोरासमोर. मधल्या काळात राष्ट्रवादीचे दोन भाग झाले. कोल्हे शरद पवारांबरोबर तुतारीवर गेले आणि आढळराव मार्चअखेरीस अजित पवारांच्या पक्षात येऊन घड्याळावर उभे राहिले. म्हणजे पाच वर्षांपूर्वी ज्या घड्याळाविरुद्ध घसा कोरडा केला, तेच घड्याळ आता हातात. मतदारांनी बिचाऱ्यांनी सांभाळून घेतलं, पण गाण्याचं काय? २०१९ ची सगळी घड्याळगीतं तयारच पडून होती, फक्त नाव बदलायचं होतं. आणि ज्यांचं नाव काढायचं, त्यांच्यासाठी ‘घड्याळा’च्या जागी ‘तुतारी’ घालायची होती. माझ्या ओळखीच्या एका भजनी बुवांना मी विचारलं, बसते का? ते ठेका धरून म्हणाले, “बसते की. फक्त ‘री’ जरा ओढावी लागती.” लोकशाहीतला एवढा मोठा पक्षबदल एका ‘री’च्या लांबीवर निभावतो, ही आपल्या संगीताची थोरवीच म्हणायची.

आता थोडं कायद्याबद्दल, कारण इथं मूळ गंमत आहे. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या ५२ व्या कलमात काही सवलती आहेत. धार्मिक विधी, सरकारी समारंभ, लग्नाची वरात आणि लग्नासंबंधीचे कार्यक्रम यांत गाणं वाजवलं तर तो भंग धरत नाहीत. प्रचारसभेला ही सवलत नाही. म्हणजे वरात फुकट आणि सभा परवानगीची.

पण हा फरक रस्त्यावर ओळखायचा कसा? प्रचारफेरीत मधोमध फेटा बांधलेला, हार घातलेला, घामानं डबडबलेला एक मनुष्य उघड्या जीपमध्ये उभा असतो. पुढे डीजे, त्यापुढे नाचणारी पोरं, बाजूनं फटाके. मागे मानपान न झाल्यामुळे रुसलेले दोन-चार ज्येष्ठ. औक्षणाला दारोदार ताटं. पलीकडे कुठंतरी जेवणावळ, जिचा खर्च नक्की कोण करतंय हे जेवणाऱ्यालाही माहीत नसतं. घोड्याचीही उणीव आमच्याकडे नाही. बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्या की बारीपुढे घोडी धरीन असा शब्द डॉ. कोल्हे यांनी दिला होता. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना परवानगी दिली आणि पुढच्या फेब्रुवारीत निमगाव दावडीच्या घाटात त्यांनी घोडी धरून दाखवली. निवडणुकीतलं एखादं आश्वासन असं चौखूर उधळत पुरं झालेलं मी दुसरं पाहिलेलं नाही. सांगायचा मुद्दा, उद्या एखाद्या उमेदवारानं कोर्टात ‘ही वरातच होती’ असं म्हटलं, तर फिर्यादीच्या वकिलाला नवरी कुठाय एवढाच प्रश्न उरेल. आणि कुणाचं लग्न कुणाशी लागलंय, हे हल्ली निकालानंतरही सांगता येत नाही.

त्याच कायद्याचं ५७ वं कलम त्याहून भारी आहे. गाण्याचे हक्क विकून टाकले तरी त्याची मोडतोड करून आपली अब्रू घालवली जात असेल, तर हरकत घ्यायचा हक्क मूळ रचनाकाराकडे राहतो. या कलमाची माहिती आमच्या गीतकारांना झाली तर तालुका कोर्टात उभं राहायला जागा मिळायची नाही. मात्र लेखक वारल्यानंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो. म्हणून पुढारी भाषणाची सुरुवात तुकोबांच्या अभंगानं करतात. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आमच्या ओतूरला आहे, पण तिथूनही अजून कुणाला नोटीस आलेली नाही.

निवडणूक आयोगानं गाण्यात लक्ष घातल्याचंही उदाहरण आहे. एप्रिल २०२४ मध्ये ठाकऱ्यांच्या शिवसेनेच्या मशालगीतातले ‘जय भवानी’ आणि ‘हिंदू’ हे शब्द काढा, अशी नोटीस आली. उद्धव ठाकऱ्यांनी काढणार नाही म्हणून सांगितलं. त्या गाण्याचे शब्द त्यामुळे देशभर चर्चेत आले. एरवी प्रचारगीताचे शब्द इतक्या बारकाईनं ऐकणारं माणूस भेटणं कठीण. तेव्हा हरकत कुणी घ्यायचीच असेल तर ती आयोगानं घ्यावी, असं सगळ्याच पक्षांना मनातून वाटत असणार.

इथवर गाण्यांचं झालं. पण आमच्या भागात पुढाऱ्यांनी वाद्यंसुद्धा सोडलेली नाहीत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये शरद पवारांच्या पक्षाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह मिळालं आणि रायगडावर त्याचं अनावरण झालं. तोवर तुतारी हे वाद्य पक्षनिरपेक्ष होतं. लग्न असो, शिवजयंतीला शिवनेरीवरचा सोहळा असो, मंत्री कुठल्याही पक्षाचा येवो, तुतारीवाला फेटा बांधून गाल फुगवायचा आणि पाकीट घेऊन घरी जायचा. आता त्याची पंचाईत झाली. घड्याळवाल्यांच्या मंडपात तो फुंकायला गेला की स्टेजवरचे लोक एकमेकांकडे बघणार. कुणी म्हणणार, सनई लाव. खरं तर महाराष्ट्रातल्या तुतारीवाल्यांनी तेव्हाच आयोगाकडं जायला हवं होतं, की साहेब, हे आमच्या पोटापाण्याचं हत्यार आहे, पक्षाला दुसरं काहीतरी द्या. एवढी रास्त हरकत जगातल्या कुठल्याही गायकानं घेतलेली नसेल. पण तुतारीवाल्याला विचारतो कोण? चिन्हावरसुद्धा तो नुसता ‘माणूस’ आहे.

त्यात आयोगानं अपक्षांसाठी ट्रम्पेट हे चिन्ह ठेवलं, आणि लोकसभेला त्याचं मराठी नावही ‘तुतारी’च छापलं. लोक त्याला पिपाणी म्हणू लागले. पिपाणी म्हणजे जत्रेत पोराला घेऊन द्यायची आणि घरी येईपर्यंत पश्चात्ताप करायची वस्तू. या वस्तूनं २०२४ साली काय केलं बघा. दिंडोरीत पिपाणीला १,०३,६३२ मतं पडली. साताऱ्यात शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी पडले आणि तिथं पिपाणीला होती ३७,०६२. मग आली विधानसभा आणि आमचा आंबेगाव. एका बाजूला दिलीप वळसे पाटील, घड्याळ. दुसऱ्या बाजूला एके काळी त्यांच्याच जवळचे देवदत्त निकम, तुतारी. आणि तिसऱ्या बाजूला नाव-आडनाव दोन्ही तेच असलेले आणखी एक देवदत्त निकम, अपक्ष, पिपाणी. वळसे पाटील १,५२३ मतांनी निवडून आले. पिपाणीवाल्या नामबंधूंना मतं पडली २,९६५.

ती सगळी मतं चुकून पडली असं कुणी शपथेवर सांगू शकत नाही. काही लोकांना पिपाणी खरोखर आवडत असेल. पण जगभर गायक लोक गाण्याचा निवडणुकीवर परिणाम होतो का यावर वाद घालत असताना, आमच्याकडे एका न वाजलेल्या वाद्यानं निकालाच्या रात्री झोप उडवली, एवढं मान्य करायला हवं.

हे सगळं घडतं ते नारायणगावाच्या आसपास, याचं मला फार आश्चर्य वाटतं. कारण कलावंताला आधी विचारायचं, भाव ठरवायचा, इसार द्यायचा आणि मग स्टेजवर बोलवायचं, ही पद्धत या गावानं साऱ्या महाराष्ट्राला शिकवली आहे. यात्रांचा हंगाम आला की तमाशाच्या फडांच्या राहुट्या इथं लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, राहुटीत बसतात, तारखांची वही उघडली जाते. अष्टमीची तारीख महाग, पौर्णिमेची त्याहून महाग. घासाघीस होते, चहा होतो, सुपारी ठरते, कागद होतो. ज्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या हे व्यवहारज्ञान आहे, तिथलेच लोक निवडणुकीत कार्यकर्ते झाले की गाणं म्हणजे झाडावरचं बोर समजतात.

आणि कलावंताला बोलावलंच, तर कशासाठी? साहेब वाटेत आहेत म्हणून. सहाच्या सभेला साहेब साडेनऊला येतात. तोवर गर्दी धरून ठेवायला शाहीर किंवा गायिका उभी करतात. ती बिचारी तीन तास मैदान धरते. खुर्च्या भरतात त्या तिच्या आवाजावर. मग सायरन ऐकू येतो आणि कुणीतरी अंतरा अर्ध्यावर असताना तिच्या हातातला माईक काढून घेतो. रात्री दहाला आवाज बंद करायचा असतो, म्हणून भाषण पुरं व्हावं लागतं. गाणं अपुरं राहिलं तर आचारसंहितेचा भंग होत नाही. माझ्या मते सेलीन डिऑन यांच्यापेक्षा हिची तक्रार मोठी आहे.

तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांचा माईक असा कुणी काढून घेतला असता तर काय झालं असतं, ते बघायला मला आवडलं असतं. प्रयोगाच्या मध्येच बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभी राहिलेली बाई ती. १९५७ आणि १९९० असे दोनदा त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाले, अखेरचे दिवस मात्र हलाखीत गेले आणि २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या. आता सरकार दरवर्षी त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. त्या सोहळ्यातही आधी भाषणं होतात.

आपल्या कलावंतांनी राजकारणापासून लांबच राहावं, असं माझं अजिबात म्हणणं नाही. संयुक्त महाराष्ट्रासाठी अमर शेख, अण्णाभाऊ साठे, आत्माराम पाटील गायले ते कुणी टेम्पोत घालून नेलं म्हणून नव्हे, स्वतःला पटलं म्हणून गायले. तेव्हा हरकत सरकारची असायची. उलट १९७६ साली, आणीबाणीत, किशोरकुमारनं सत्ताधारी पक्षाच्या कामासाठी गायला नकार दिला, तर आकाशवाणीनं त्याची गाणीच बंद केली. पटलं म्हणून गाणारे आणि पटलं नाही म्हणून न गाणारे, दोघांनाही किंमत मोजावी लागली. आजच्या कलावंताला कुणी विचारतच नाही, त्यामुळे त्याला हो म्हणण्याचं पुण्य नाही आणि नाही म्हणण्याचं धाडसही नाही. त्याचा आवाज परस्पर प्रचाराला जातो आणि तो घरी बसून स्वतःच्याच चालीवर भलत्याचा जयजयकार ऐकतो.

विधानसभेच्या उमेदवाराला २०२४ मध्ये ४० लाखांपर्यंत खर्चाची मुभा होती. त्या हिशेबात टेम्पोचं भाडं, जनरेटरचं डिझेल, मंडप, खुर्च्या, चहा, वडापाव सगळं लिहितात. त्यात एक ओळ ‘गीतकार व गायक’ अशी घालायला काय हरकत आहे? वडापावाएवढी किंमत आली तरी सुरुवात होईल.

तेव्हा पुढच्या निवडणुकीत गाडी तुमच्या वाडीवर आली की थांबवा आणि विचारा, गाणं कुणाचं, त्याला विचारलं का, पैसे दिले का. मत कुणाला द्यायचं ते नंतर ठरवा. मत मागायला जो माणूस दारोदार हात जोडत फिरतो, त्याला गाणं मागायला एक फोन जड जाऊ नये.